रेडिमेड किल्ला घ्यावा का? घेतलाय, वापरलाय, सांगते

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, तरी आमचा किल्ला अजून गॅलरीतच आहे, मोडत नाही आणि मावतही नाही, तर म्हटलं याचा रिव्ह्यू लिहूनच टाकावा. दरवर्षी सहामाही परीक्षा संपत आली की कोणी ना कोणी विचारतंच, रेडिमेड किल्ला कुठे मिळतो हो, आणि त्यावर दहा जण पत्ता सांगतात, पण घरी आणल्यावर पुढे काय होतं ते कोणी सांगत नाही. ते मी सांगते. जरा मोठं होईल, चहा घेऊन बसा.

तर वस्तू काय आहे. पीओपीचा किल्ला, साधारण दोन फूट लांब, दीड फूट रुंद, फूटभर उंच, चार बुरुज, एक महादरवाजा, वर सिंहासनाची सपाट जागा, खालून वर जाणाऱ्या पायऱ्या, आणि सगळ्यावर स्प्रेने मारलेला चॉकलेटी आणि हिरवा रंग. पुण्यात दिवाळीच्या आधी रस्त्याच्या कडेला मांडव टाकून पणत्या, आकाशकंदील, लक्ष्मीच्या मूर्ती, केरसुण्या घेऊन बसतात ना, त्यातल्याच एका मांडवातून घेतला. सांगितले १८०० रुपये, घासाघीस करून १४०० ला दिला. महाराज, मावळे, तोफा यात येत नाहीत, त्या वेगळ्या घ्यायच्या, आणि त्याचे पैसे नंतर कळतात.

मांडवात गेल्यावर पहिला प्रश्न, "कुठला देऊ ताई? रायगड आहे, राजगड आहे, प्रतापगड आहे." मी तिन्ही बघितले. तिन्ही एकाच साच्यातले! फरक फक्त पुढे चिकटवलेल्या पाटीचा. म्हटलं दादा, राजगडाला तीन माच्या असतात, पद्मावती, सुवेळा, संजीवनी, यात तर एकही दिसत नाही, तर ते अगदी शांतपणे म्हणाले, "मग रायगड घ्या की." आता यावर काय बोलणार. बरं रायगड म्हणावं तर टकमक टोक नाही, जगदीश्वराचं देऊळ नाही, हिरकणीचा बुरुज यातला कुठला म्हणायचा ते आपण ठरवायचं. कोपऱ्यात एक जरा मोठा किल्ला होता, त्यावर "युनेस्को किल्ला" अशी पाटी आणि तो दोनशे रुपयांनी महाग. जुलै २०२५ मध्ये १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले त्याचा हा परिणाम. बारातला कुठला, असं मी विचारलं नाही, त्यांना तरी का त्रास द्या. पण माणूस सज्जन होता, एका पिशवीभर पणत्या पॅक करता करता दुसऱ्या हाताने किल्ला धरून रिक्षापर्यंत आणून दिला, त्याबद्दल पूर्ण मार्क.

आता घेतला का हा प्रश्न येईलच, कारण मी सातारची, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेली, आणि आमच्या गल्लीत कोणी विकतचा किल्ला आणला असता तर त्याला शाळा सोडेपर्यंत चिडवलं असतं. पण सोसायटीत नोटीस लागली होती की पार्किंग, पॅसेज व क्लब हाउससमोर माती, विटा, दगड आणू नयेत, पेव्हर ब्लॉक खराब होतात व ड्रेनेज तुंबते. ड्रेनेज तुंबते हे खरंच आहे, मागच्या एका दिवाळीत तुंबलं होतं. आणि चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत टाइल्सवर मातीचा किल्ला करायचा म्हणजे खाली प्लास्टिक अंथरा, पाणी खालच्यांच्या कपड्यांवर गेलं की त्यांची बेल. तरी केला असता, पण माती कुठून आणायची? हा खरा प्रश्न आहे आणि यावर कोणी बोलत नाही. नर्सरीत पिशवीतून मिळते तिच्यात कोकोपीट आणि खत असतं, कुंडीला उत्तम, पण तिचा गोळा होत नाही, बुरुज उभा केला की तासाभरात ढेपाळतो. टेकडीवरून आणायची तर वनखात्याची हद्द. बांधकामावर जाऊन मागायची तर तिथे आता वॉचमन, हेल्मेट, आत यायला बंदी.

पोतं हा दुसरा विषय. ज्यांनी केलाय त्यांना माहितीये, किल्ल्याचा डोंगर मातीचा नसतोच, आत दगडविटांचा ढीग, त्यावर तागाचं गोणपाट पातळ चिखलात बुडवून असं टाकायचं की आपोआप सुरकुत्या पडतात आणि त्या सुरकुत्या म्हणजेच सह्याद्रीच्या सोंडा, हाताने कितीही कोरलं तरी तसं येत नाही. तागाचे धागे चिखल पितात, वाळल्यावर कडक होतं आणि वर एक पोर बसलं तरी फार काही होत नाही. आता घरात तांदूळ येतो तो प्लास्टिकच्या चकचकीत पिशवीतून, तिच्यावर चिखल टाकला की घसरगुंडी. आमच्या किराणावाल्याकडे विचारलं तर म्हणाले, "गोणपाट आता कुठे ताई, एखादं येतं साखरेचं, ते पण लगेच नेतात कोणीतरी." तर हे सगळं गोळा करण्यातच अर्धी सुट्टी जाते, म्हणून १४०० रुपये. पोरं आळशी झाली म्हणून कोणी रेडिमेड घेत नाही हो, आईबापांच्या टाइल्स आणि सोसायटीचे पेव्हर ब्लॉक वाचावेत म्हणून घेतात. पोरांना विचारलं असतं तर त्यांनी चिखलच मागितला असता. आमच्या दोघांनी मागितलाच होता.

बरं, वस्तूकडे येऊ.

दिसायला छान आहे, खोटं कशाला बोलू. लांबून, संध्याकाळी, पणत्या लावल्यावर फोटो एकदम भारी येतो. तटबंदीचे दगड नीट कोरलेत, बुरुजांवर जंग्या म्हणजे बंदुकीची ती भोकं पण दाखवलीत, अर्थात आरपार नाहीत, काळ्या रंगाचे ठिपके आहेत. दरवाजा पण तसाच, रंगवलेला, उघडत नाही. धाकट्याने आणल्या आणल्या पहिलं काम काय केलं तर दरवाजातून मावळा आत घालायचा प्रयत्न, आणि तो जात नाही म्हटल्यावर माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मीच बंद करून ठेवलाय. पायऱ्या एवढ्या बारीक की त्यावर काही उभं राहत नाही, अगदी सगळ्यात लहान मावळासुद्धा. म्हणजे हा किल्ला बघायचा आहे, खेळायचा नाही, आणि हे घेताना लक्षात येत नाही कारण मांडवात आपण फक्त बघतोच.

रंग: पाण्याने जातो. मांडवात "वॉटरप्रूफ आहे" म्हणाले होते. अळिवाला पाणी शिंपडायला सुरुवात केल्यावर दुसऱ्या दिवसापासून चॉकलेटी ओघळ टाइल्सवर, म्हणजे ज्या टाइल्स वाचवायच्या म्हणून हा सगळा खटाटोप त्यांच्यावरच. निघाला पुसून, पण सांगून ठेवते. आणि पीओपी पाणी शोषून घेतं, मग बाहेरून फुगल्यासारखं होऊन त्याचे पापुद्रे सुटतात. म्हणजे या वस्तूवर हिरवळ उगवायची नाही असं तिनेच ठरवलंय, आणि हिरवळीशिवाय किल्ला म्हणजे काय, शोकेस.

अळिवाबद्दल जरा लिहू द्या कारण यावरच सगळं अडतं. मोहरी, गहू, नाचणी काहीही पेरता येतं, पण डोंगराच्या उतारावर अळीवच, कारण अळीव भिजलं की दाण्याभोवती बुळबुळीत चिकट थर येतो आणि दाणा जिथे टाकाल तिथे चिकटून बसतो, उभ्या कड्यावरसुद्धा. मोहरी गोल, ती गडगडत खाली येते, म्हणून मोहरी पायथ्याच्या शेतात. हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, एकदा सगळी मोहरी खाली वाहून तळ्यात उगवली तेव्हा गल्लीला कळलं, मग पुढच्या वर्षी मोठ्या पोरांनी धाकट्यांना सांगितलं आणि ते धाकटे मोठे झाल्यावर त्यांनी पुढच्यांना. अळीव लाडवांच्या डब्यातून चोरायचं, रात्रभर भिजवायचं, चिखल ओला असतानाच पसरायचं, वरून ओलं फडकं, आणि मग रोज सकाळी उठून आधी फडकं वर करून बघायचं. तीन-चार दिवसांत ते पांढरे कोंब आणि मग एकदम हिरवंगार. वसुबारसेला डोंगर हिरवा दिसायला हवा तर कधी पेरायचं हा हिशोब शाळेच्या कुठल्याही गणितापेक्षा पोरांना जास्त कळायचा, बरोबर करायचे.

पीओपीवर मी काय केलं तर भांडी घासायचा स्पंज पातळ कापून उतारावर फेविकॉलने चिकटवला आणि त्यावर अळीव. उगवलं, मस्त उगवलं, पण चौथ्या दिवशी स्पंजसकट सगळं शेत सुटून खाली आलं आणि पोरांनी "दरड कोसळली, दरड कोसळली" करून रस्ता बंद केला, जेसीबी आणला, तासभर तेच चाललं होतं. या किल्ल्याचा तोपर्यंतचा सगळ्यात चांगला तास तोच.

मूर्त्यांचं वेगळं सांगते, कारण तिथे माझी तक्रार कमी आहे. मूर्त्या अजूनही चांगल्या मिळतात, कसब्यातल्या कुंभारवाड्यात गेलात तर निवड करायला तासभर लागेल. सिंहासनावरचे महाराज, भालदार-चोपदार, तुतारीवाला, घोडेस्वार, तोफ, तोफेला बत्ती देणारा, आणि मग ती सगळी किल्ल्याच्या खालची मंडळी, वासुदेव, गवळण, विहिरीवर पाणी शेंदणारी बाई, भाजीवाली, दळण दळणारी, वाघ, ससा, साप. किल्ल्यावर राज्य आणि खाली गाव, हे सगळं त्या मूर्त्यांतच आहे, पोरांना वेगळं शिकवावं लागत नाही. मातीच्या मिळाल्या तर मातीच्या घ्या, थोड्या ओबडधोबड असतात, एका साच्यातल्या असूनही प्रत्येकाचे डोळे वेगळे कारण ते हाताने काढलेले, आमच्या एका मावळ्याच्या चेहऱ्यावर असा भाव आहे की त्याला कोणीतरी आत्ताच उधारी मागितलीये. पीओपीच्या गुळगुळीत असतात आणि भाल्याचं टोक पहिल्याच दिवशी तुटतं. प्लास्टिकच्या सैनिकांवर मी काही बोलत नाही, ते आमच्या लहानपणीही होते, बंदूकधारी हिरवे जवान मावळ्यांच्या शेजारी उभे असायचेच आणि कोणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

मापाची गंमत म्हणजे या किल्ल्यावरची सिंहासनाची जागा एवढी लहान की आमच्याकडचे महाराज तिथे बसेनात. मग त्यांना खाली अंगणात बसवायचं का? नाही! मोठीने स्पष्ट सांगितलं, महाराज वरच. मग बालेकिल्ल्याच्या मागे कॅरमच्या सोंगट्यांचा डबा ठेवून त्यावर महाराज. चालतंय. मातीच्या किल्ल्यात हा प्रश्नच येत नाही, मूर्ती आधी असते, जागा तिच्या मापाने थापायची.

आता खरी गोष्ट. धनत्रयोदशीपर्यंत पोरांचा या किल्ल्यातला इंटरेस्ट संपला होता. मांडून झालं, फोटो झाले, पुढे काय? काहीच नाही, कारण करायचं काही शिल्लकच नाही. इकडे अभ्यंगस्नान, फराळ, टीव्ही, मोबाईल, पोरं पुन्हा सोफ्यावर. मग शेजारचा सहावीतला मुलगा आला, त्याने किल्ला उचलून उलटा केला (मी ओरडले, पण केला), आणि सगळ्यांना दिसलं की आतून पोकळ आहे, नुसता काथ्या लावून थापलेला पातळ थर. त्या उचलाउचलीत मागचा एक कोपरा फुटला, काथ्या लोंबायला लागला. मला वाटलं आता रडारड. तर तिघं-चौघं त्या भोकाकडे टक लावून बघत बसले आणि एक म्हणाला, "अरे ही वाघाची गुहा आहे." झालं. काथ्या म्हणजे गवत, आत वाघ, गुहेच्या तोंडाशी हाडं म्हणून खडूचे तुकडे, शेजारी "सावधान" पाटी. मग गुहा आहे तर जंगल पाहिजे, जंगल आहे तर ओढा पाहिजे, आणि ओढा गॅलरीत कसा येणार?

खाली उतरले सगळे. सोसायटीच्या मागच्या कंपाउंडला पाण्याच्या लाइनसाठी खणलेलं होतं, तिथे मातीचा ढीग, चांगली चिकट काळी-तांबडी माती. वॉचमन काका बीडकडचे, त्यांना पोरांनी विचारलं, "काका, थोडी माती घेऊ?" तर ते म्हणाले, "घ्या की लेकरांनो, पण हितंच भिंतीच्या कडंला करा, पुढं न्यायचं न्हाई, साहेब मला बोलत्यात." आणि स्वतः खुर्चीवरून उठून त्यांनी दाखवलं की चिखलात थोडा चिरलेला कडबा नाहीतर वाळकं गवत घातलं की तडे जात नाहीत. ही गोष्ट मलाही माहीत नव्हती. सोसायटीच्या लॉनचं कापलेलं गवत पोत्यात भरून ठेवलेलं होतंच, ते आलं. कुठल्यातरी फ्लॅटचं काम चालू होतं तिथले सिपोरेक्सचे तुकडे आले. या सिपोरेक्सबद्दल मला खरंच कौतुक वाटलं, कारण आपण रडतो की लाल विटा मिळत नाहीत, पण पोरांनी शोधून काढलं की हे पांढरे ब्लॉक इतके हलके आणि भुसभुशीत असतात की साध्या करवतीने कापता येतात, खिळ्याने कोरता येतात, जंग्या आरपार पाडता येतात. आमच्या विटांना हे जमलं नसतं. दोन बुरुज त्यांनी सिपोरेक्सचे कोरले आणि ते त्या १४०० वाल्या बुरुजांपेक्षा, खरं सांगते, जास्त बुरुजासारखे होते.

आणि तो रेडिमेड किल्ला? तो त्यांनी मधोमध ठेवून बालेकिल्ला केला. खाली मातीचा डोंगर, माच्या काढल्या, तळं, भुयार (एका बाजूने हात घातला की दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचा हात लागला पाहिजे, हा नियम बदललेला नाही), शेतं, हेलिपॅड, एक मेट्रो स्टेशन. हो, मेट्रो स्टेशन. किल्ल्याच्या पायथ्याशी, पेन्सिल बॉक्सची मेट्रो, पाटीवर "रायगड पायथा, दरवाजे डावीकडे उघडतील". आमच्या वेळी एसटी स्टँड असायचं आणि क्रिकेटचं मैदान. म्हणजे काही बदललंय आणि काही अजिबात नाही. मुलांपेक्षा मुली जास्त होत्या कामाला, हे मात्र बदललंय आणि चांगलं बदललंय, आमच्या गल्लीत मुलींना पाणी आणायला आणि रांगोळीने रस्ते काढायलाच ठेवायचे, बुरुज थापायला द्यायचे नाहीत. इथे सगळी दादागिरी एका पाचवीतल्या पोरीची होती, तिने ठरवलं कोण कुठे उभं राहणार, आणि मावळ्यांची रांग वाकडी झाली की ती परत लावायला लावायची.

गडबड एकच, इतिहास. स्टेट बोर्डाच्या चौथीला महाराजांचा इतिहास असायचा तो आम्हाला तोंडपाठ, त्यामुळे किल्ला बघायला येणाऱ्या काकालोकांनी काहीही विचारलं तरी उत्तर तयार. आमच्या सोसायटीतली बहुतेक पोरं सीबीएसई आणि आयसीएसईची, त्यांचा अभ्यासक्रम वेगळा. पाडव्याला एका आजोबांनी विचारलं राज्याभिषेक कधी झाला, तर सगळे गप्प, मग एकाने मोबाईल काढला, आणि आजोबा म्हणाले, "ठेव तो आत, ६ जून १६७४, आता म्हण." भाऊबीजेपर्यंत पोरं येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःहून अडवून विचारायला लागली, राज्याभिषेक कधी झाला सांगा, नाहीतर पुढे जायचं नाही. कुरियरवाल्याला पण अडवलं. त्याला येत होतं.

स्पर्धांबद्दल दोन शब्द, विषय निघालाच आहे तर. रेडिमेड किल्ल्याला सगळे नावं ठेवतात, पण किल्ला पोरांच्या हातून काढून घेण्यात स्पर्धांचा वाटा काही कमी नाही. मंडळांचे किल्ले बघायला आम्ही जातो, प्रतिकृती एकेक अशा असतात की तोंडात बोट जावं, नकाशावरून, मोजमाप घेऊन, सगळे बुरुज जागच्या जागी, धुराचं मशीन, लाइट, स्पीकरवर निवेदन. पण ते करणारे तिशीचे दादा आणि पोरं दोरीच्या बाहेर उभी, "हात लावू नका" लिहिलेलं. चांगलंच आहे, त्यांनी जरूर करावं, मला आवडतं. पण मग सोसायटीतल्या स्पर्धेतही परीक्षक हेच बघायला लागतात की प्रतिकृती किती अचूक, आणि मग बाबालोक सुट्टी टाकून थर्माकोल कापायला बसतात (महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे म्हणे), आणि ज्या किल्ल्याखाली मेट्रो स्टेशन आहे त्याला उत्तेजनार्थ. उत्तेजनार्थ! पोरांनी केलेला किल्ला अचूक नसतोच, त्यात जंजिऱ्याचं पाणी आणि प्रतापगडाचा बुरुज एकत्र असतात आणि वर विमान लटकतं. यंदा त्या पाचवीतल्या पोरीला जिंजी करायचा होता, कारण बारा किल्ल्यांच्या यादीत तो एकच तामिळनाडूतला आणि दुसरं कोणी करणार नाही. तिला कुठून कळलं माहीत नाही, पण राजाराम महाराज तिथे होते आणि मुघलांचा वेढा १६९० ते १६९८ चालला हे तिने सगळ्यांना ऐकवलं. जिंजीला तीन टेकड्या, आणि माती एकाच टेकडीपुरती, म्हणून राहिलं. पुढच्या वर्षी म्हणे.

नंतरचं काय, हाही भाग लिहायला पाहिजे कारण विकणारे सांगत नाहीत. मातीचा किल्ला संपवायचा कार्यक्रम काय असतो ते सगळ्यांना माहितीये, भुयारात सुतळी बॉम्ब. आम्ही ते केलंय, आता मी पोरांना करू देत नाही, सिपोरेक्सचे तुकडे डोळ्यात जातील, आणि शिवाय खालचे कुत्रे बिचारे आधीच बेडखाली. त्यामुळे पाण्याची पाइप लावून "पूर आला" करून संपवला, माती काकांनी परत खड्ड्यात ओढली, दोन बादल्या माझ्या कुंड्यांत आल्या, अळीव गुलाबाच्या मुळाशी. जागा दुसऱ्या दिवशी साफ, चेअरमनसाहेबांना कळलंच नाही, किंवा कळलं असेल आणि त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं असेल. त्यांचीही नात होती त्यात.

रेडिमेडचं मात्र काय करायचं? पीओपी पाण्यात विरघळत नाही, कचऱ्याच्या गाडीवाल्याने ओला की सुका विचारलं आणि घेतला नाही, फोडावा तर काथ्यामुळे धड फुटत नाही, लोंबतो. "पुढच्या वर्षी पण वापरता येईल" हा विकतानाचा मोठा मुद्दा होता. येईल, पण पोरांना तोच किल्ला पुन्हा नकोय, माळ्यावर जागा नाही, आणि एक कोपरा फुटलेला कोणाला द्यायची लाज वाटते. आमच्या ओळखीत एकांनी तीन वर्षांपूर्वीचा ठेवलाय, त्यावर आता मनी प्लँट आहे.

तर मार्क. दिसण्याला चारपैकी तीन, रंगाला एक, खेळण्याला शून्य, वाघाच्या गुहेला पूर्ण मार्क पण ती वस्तूची कमाई नाही. पाचपैकी अडीच स्टार म्हणू. घर अगदी लहान असेल, पोरं तीन-चार वर्षांची असतील, आजी-आजोबांनाच सगळं मांडायचं असेल, किंवा परगावी जाणार असाल आणि दारात काहीतरी हवं असेल तर घ्या, वाईट नाही. घेताना उलटा करून बघा, आतला थर सगळीकडे सारखा आहे का, कडेला काथ्या बाहेर दिसत असेल तर घेऊ नका. ओलं बोट रंगावर घासा, बोटाला लागला तर वॉटरप्रूफ नाही हे तिथेच कळेल. आपली महाराजांची मूर्ती सोबत घेऊन जा आणि सिंहासनाच्या जागेवर बसवून बघा, हसतील मांडववाले, हसू द्या. न रंगवलेला पांढरा मागितला तर काही जण स्वस्तात देतात, मला ते नंतर कळलं, तो घेऊन पोरांना गेरू आणि ब्रश द्या, निदान एक संध्याकाळ तरी त्यांची.

आठ-दहा वर्षांची पोरं असतील तर मात्र किल्ल्याचे पैसे वाचवा. एक गोणी चिकणमाती, किराणावाल्याला दसऱ्यापासूनच सांगून ठेवलेलं एक गोणपाट, पावशेर अळीव, आणि भिंतीच्या कडेची सहा बाय चार फुटांची जागा, ती कमिटीकडून लेखी घ्या म्हणजे वॉचमनला बोलणी बसत नाहीत, वर ड्रेनेजच्या जाळीवर जुनी साडी दुमडून ठेवा, माती आत जात नाही. वाचलेले पैसे मूर्त्यांत घाला. त्या मात्र वसुबारसेच्या आधीच आणा, नंतर गेलं की मावळे संपलेले असतात आणि नुसत्या गवळणी उरतात, आमच्या गडावर यंदा चौदा गवळणी आणि तीन मावळे आहेत.